शिकणाऱ्या हाताला आधार

(मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण समारंभात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कळस चढला. गाभाऱ्याचे दगडी काम झाले, सभामंडपाचे सागवानी खांब उभे राहिले, ओटा बांधून झाला. ज्यांनी ज्यांनी या कामाला हातभार लावला त्यांची नावे या स्मरणिकेत छापली आहेत, मोठ्या देणगीदारांची संगमरवरी पाटीवरही कोरली आहेत. ते योग्यच आहे. देणाऱ्याचे नाव राहिले म्हणजे दुसऱ्यालाही द्यावेसे वाटते. परंतु ज्या सुताराने हे खांब घडवले, ज्या पाथरवटाने उंबरठ्याचे कीर्तिमुख काढले, ज्या गवंड्याने ओळंबा धरून भिंत सरळ ठेवली, त्यांची नावे त्या पाटीवर नाहीत. कुणी मुद्दाम वगळली असे नाही. मजुरी दिली, व्यवहार पुरा झाला, असे धरून चालण्याची सगळीकडेच रीत आहे.

पूर्वी याच मावळात अशी रीत नव्हती. एकवीरेच्या दर्शनाला कार्ल्याचा डोंगर चढणारी माणसे या सभेत पुष्कळ असतील. देवीच्या देवळासमोरच जे मोठे लेणे आहे, त्याच्या भिंतींवर आणि खांबांवर ब्राह्मी लिपीत देणगीदारांची नावे कोरलेली आहेत. काम सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. वैजयंतीचा भूतपाल नावाचा श्रेष्ठी तिथे अभिमानाने सांगतो की, हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम आहे. इतर व्यापारी आहेत, यवन आहेत, सुगंधी द्रव्ये विकणारा गंधिक आहे. आणि त्याच नामावळीत एक सुतार आहे. धेनुकाकट गावचा, वेणुवासाचा मुलगा सामी. दाराचे काम याने केले असे तो लेख सांगतो. सुताराला तिथे ‘वढकी’ असा शब्द आहे. हिंदीत सुताराला आजही बढई म्हणतात, तो याच शब्दाचा वंशज. दगडाच्या लेण्यात सुताराचे नाव कसे, असे कुणाला वाटेल. आत जाऊन वर पाहावे. छताच्या कमानीला खऱ्या लाकडाच्या फासळ्या बसवलेल्या आहेत आणि त्या जुन्या काळापासून आजतागायत टिकून आहेत. मावळच्या पावसात लाकूड किती दिवस टिकते हे ज्याने आपल्या घराचे वासे बदलले आहेत त्याला विचारावे, म्हणजे त्या सुतारांच्या हाताची किंमत कळेल.

असो. दान आणि कारागीर यांची गाठ पूर्वी कशी घातली जाई, याचा याहून स्पष्ट दाखला नाशिकच्या लेण्यात आहे, आणि त्याचा मावळाशीही संबंध पोहोचतो. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने कार्ल्याच्या भिक्षुसंघाला करजिक नावाचे गाव दिले, असा लेख कार्ल्यात आहे. याच उषवदाताने नाशिकला ३००० कार्षापणांची अक्षयनीवी ठेवली. अक्षयनीवी म्हणजे ज्याच्या मुद्दलाला कुणी हात लावायचा नाही, फक्त व्याज खर्च करायचे, असे दान. ही रक्कम त्याने राजाच्या खजिन्यात ठेवली नाही, सावकाराकडेही ठेवली नाही. गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. श्रेणी म्हणजे त्या काळची कारागिरांची संघटना. २००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, १००० दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या रकमेचे वर्षाला २४० येत, त्यातून वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी मिळत. हिशेब आजही कुणीही कागदावर जुळवून पाहावा.

यात मर्म असे की, एकाच दानातून दोन कामे झाली. भिक्षूंना वस्त्र मिळाले आणि विणकरांच्या हाती भांडवल आले. सूत घ्यायला, माग घालायला, नव्या माणसाला हाताशी ठेवून शिकवायला जे लागते ते देवाधर्माच्या पैशातून कारागिरांकडे गेले.

आता या गावाकडे वळू. सुतारकी, लोहारकी, पाथरवटाचे काम, कुंभारकाम ही पूर्वी शिकायला कुठे जावे लागत नसे. बापाच्या पडवीत मुलगा बसे. आधी वाकस, पटाशी, रंधा यांना धार लावायची, मग फळी धरायची, मग रेघ आखायची, आणि बापाला वाटेल तेव्हा एखादा तुकडा कापायला मिळायचा. लोहाराचा मुलगा भाता ओढता ओढताच लोखंडाचा रंग ओळखायला शिके. शिकण्याच्या त्या काळात मुलाने काही कमवावे अशी अपेक्षा नसे, कारण घर बलुत्यावर चाले. खळ्यावरचे धान्य आले म्हणजे शिकणाऱ्याचेही पोट त्यात भरे. म्हणजे शिकवणीचा खर्च खरे तर सगळा गाव उचलत होता, फक्त त्याला तसे नाव नव्हते. त्या व्यवस्थेत खोटही मोठी होती. सुताराच्या मुलाने सुतारच व्हायचे, आणि दुसऱ्याच्या मुलाला कितीही हौस असली तरी ती पडवी त्याला बंद. बलुते देताना होणारा मानापमान ज्यांनी सोसला त्यांच्या घरात तो अजून विसरलेला नाही. ती व्यवस्था परत आणा असे कुणी म्हणणार नाही. पण ती गेली तेव्हा शिकण्याच्या वर्षांना असलेला आधारही तिच्याबरोबर गेला, आणि त्याच्या जागी दुसरे काही आले नाही.

आज दहावी झालेला एखादा मुलगा मिस्त्रीच्या हाताखाली बसायचे म्हणतो. त्याच्याबरोबरीचा मुलगा तळेगावच्या कंपनीत कंत्राटावर लागतो, नाहीतर लोणावळ्याच्या हॉटेलात, आणि पहिल्याच महिन्याला घरात पैसे आणून देतो. हा मात्र वर्षभर पटाशीला धार लावतो. घरात कुणी काही बोलत नाही. पण सणाला कपडे घेताना, धाकट्याची फी भरताना हिशेब समोर येतोच. सहा महिन्यांत आई म्हणते, बघ बाबा, तिकडे जागा आहे म्हणतात. मुलगा जातो. त्याला आळशी म्हणणे किंवा आजकालच्या मुलांना कष्ट नकोत म्हणणे हा अन्याय आहे. कष्टाला तो मागे हटत नाही. घरचे तीन वर्षे वाट पाहू शकत नाहीत, एवढीच खरी अडचण असते.

मिस्त्रीचीही बाजू आहे. नवशिका हाताशी घेतला म्हणजे पहिले वर्ष त्याचे काम निम्म्यावर येते. सांधा दाखवायला थांबावे लागते, सागवानाचा एखादा तुकडा वाया जातो, आणि सागवानाचा भाव सर्वांना ठाऊक आहे. इतके करून पोरगे शिकले की शेजारच्या तालुक्यात स्वतंत्र काम धरणार. मग तयार कारागीर बाहेरून आणणे सोपे पडते. मोठ्या देवळांच्या कोरीव कामासाठी राजस्थानचे, तामिळनाडूचे शिल्पी बोलावण्याची पद्धत महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी पडली आहे. ती माणसे उत्तम काम करतात, त्यांच्याबद्दल आकस धरण्याचे कारण नाही. उलट त्यांच्याकडे हात का टिकले हे पाहावे. महाबलीपुरमला १९५७ पासून सरकारी शिल्पशाळा चालत आलेली आहे. तिथे दगड, लाकूड, धातू यांचे काम आणि मंदिराचे मापशास्त्र शिकवतात. शिकणाऱ्याच्या पाठीशी कुणीतरी उभे राहिले म्हणून ते हात उरले.

असे पाठीशी उभे राहणे मावळाला नवे नाही. तळेगाव दाभाड्याचा काच कारखाना म्हटला की जुन्या माणसांना ‘पैसा फंड’ हे नाव आठवते. नव्या पिढीला ते एका शाळेच्या किंवा स्टॉपच्या नावापुरते माहीत असेल. या फंडाची कल्पना अंताजी दामोदर काळे यांची. प्रत्येकाने एक पैसा द्यावा, फक्त एक पैसा, आणि त्यातून देशी उद्योग उभा करावा. त्या काळी रुपयाचे ६४ पैसे होत. म्हणजे एक रुपया जमवायला ६४ माणसांपुढे हात पसरायचा, हजार रुपयांना ६४ हजार माणसांपुढे. लोक हसले असतील तर नवल नाही. पण काळे गावोगाव हिंडले, लोकमान्य टिळकांनी पाठिंबा दिला, आणि १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना आणि त्याबरोबर काचकाम शिकवण्याची सोय सुरू झाली. जपान आणि अमेरिकेत काचशास्त्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांच्याकडे त्याची सूत्रे दिली गेली. त्याच वर्षी जुलैमध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. कारखाना मात्र चालू राहिला.

इथे ‘त्याबरोबर’ हा शब्द महत्त्वाचा आहे. तळेगावच्या आधीही या देशात काच कारखाने काढून पाहिले होते. यंत्रे आणली, भट्ट्या बांधल्या, युरोपातून कारागीरही आणले. बाहेरचा कारागीर महाग पडे, इथली हवा त्याला मानवत नसे, तो निघून गेला की कारखाना बंद. काचेचे काम पुस्तकात वाचून येत नाही. वाळू, सोडा आणि चुना भट्टीत चौदा-पंधराशे अंशांपर्यंत तापवून रस करायचा, लोखंडी फुंकनळीच्या टोकाला तो पाकासारखा गुंडाळून घ्यायचा, नळी सतत फिरवत ठेवायची आणि तोंडाने फुंकायचे. जोर जास्त झाला तर फुगा फुटतो, कमी झाला तर भिंत जाड राहते, फिरवणे थांबले तर गोळा एका बाजूला लोंबतो. भांडे झाले तरी ते हळूहळू निववावे लागते, नाहीतर दुसऱ्या दिवशी आपोआप तडकते. हे सगळे छातीला आणि मनगटाला समजेपर्यंत किती भांडी फुटली असतील याची गणती नाही. फुटणाऱ्या प्रत्येक भांड्याचा खर्च कुणीतरी सोसावा लागतो. सावकार तो सोसत नाही, नफ्यासाठी कारखाना काढणाराही सोसत नाही. तळेगावला तो लोकांच्या पैशाने सोसला. म्हणून तिथे माणसे तयार झाली. पुढे पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-जर्मनीहून येणाऱ्या काचेच्या वस्तू बंद झाल्या, देशात ठिकठिकाणी काच कारखाने निघाले, आणि तळेगावला शिकलेली माणसे इतर प्रांतांतल्या कारखान्यांत कामाला गेली. वार्ष्णेय स्वतः पुढे उत्तरेत गेले आणि त्यांनी बहजोई येथे मोठा कारखाना उभा केला.

कुणी म्हणेल, मावळच्या पैशाने शिकले आणि बाहेर गेले, मग मावळाला काय मिळाले? पैसा देणाऱ्यांनी हा प्रश्न तसा विचारला नव्हता. त्यांना देशात काच व्हायला हवी होती, ती झाली.

मळवलीचेही उदाहरण जवळचे आहे. राजा रविवर्म्याचा चित्रे छापण्याचा शिळाप्रेस १८९४ साली मुंबईत निघाला आणि काही वर्षांत मळवलीजवळ हलवला गेला. घराघरांतल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी तिथून निघत. १९७२ साली आगीत तो छापखाना नष्ट झाला. या छापखान्यासाठी काम करून आणि नंतर लोणावळ्यालाच स्वतःचा छापखाना काढून एक गृहस्थ पुढे नावारूपाला आले, ते धुंडिराज गोविंद फाळके. १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ सर्वांना माहीत आहे. त्यामागची शिकवणी फारशी कुणी सांगत नाही. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८९० साली बडोद्याला कलाभवन निघाले, तिथले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांनी तरुण फाळक्यांना तीन रंगी ठसे करण्याची विद्या शिकायला रतलामला बाबुलाल वरुवाळकर यांच्याकडे पाठवले. योग्य वेळी योग्य उस्तादाकडे पाठवणारा कुणी भेटला, हे फाळक्यांचे भाग्य. प्रत्येक मुलाला गज्जर भेटत नाहीत. म्हणूनच हे काम एका माणसाच्या चांगुलपणावर सोडता येत नाही.

सरकार काय देते, हेही ग्रामस्थांना नीट माहीत असावे, कारण अर्धवट माहितीने पुष्कळ नुकसान होते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने उमेदवाराला विद्यावेतन मिळते. २०१६ पासून त्यातला चौथा हिस्सा, दरमहा जास्तीत जास्त १५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार देऊ लागले. पण हा कायदा आस्थापनांसाठी आहे. ज्या ठिकाणी निदान चार माणसे कामाला आहेत तिथे उमेदवार ठेवता येतो, आणि तीस किंवा त्याहून जास्त असली तर ठेवावाच लागतो. तळेगाव-चाकणच्या कंपन्यांना हे लागू पडते. एकटा मिस्त्री आणि त्याची पडवी यात बसत नाही.

दुसरी योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी, विश्वकर्मा जयंतीला, सुरू झालेली पी.एम. विश्वकर्मा. यात अठरा व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, कुंभार, मूर्तिकार व पाथरवट, गवंडी, चांभार, टोपल्या-चटया-झाडू करणारे, शिंपी, न्हावी, परीट, माळा करणारे हे त्यातले इथल्या ओळखीचे. पाच ते सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, त्या काळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतची मदत, आणि पुढे हवे असल्यास शेकडा ५ व्याजाने आधी एक लाखापर्यंत व ते फेडल्यावर दोन लाखांपर्यंत कर्ज. नोंदणी सी.एस.सी. केंद्रावर होते आणि पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत. तेव्हा सरपंचांनी आणि ग्रामसेवकांनी अर्ज टेबलावर पडू देऊ नयेत, एवढी विनंती या निमित्ताने करायला हरकत नाही. अवजारांची मदत चांगली आहे. ज्याचा हात बसला आहे पण ज्याच्याकडे विजेवर चालणारा रंधा नाही, त्याने ती जरूर घ्यावी. कर्ज मात्र काम हातात आहे असे पाहूनच घ्यावे.

पण ही योजना कुणासाठी आहे ते समजून घेतले पाहिजे. ज्याला काम आधीच येते, जो स्वतः तो धंदा करतो, अठरा वर्षांवरचा आहे, अशा माणसासाठी ती आहे. एका कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको व अविवाहित मुले. बापाने नोंद केली की लग्न न झालेल्या मुलाला त्यात जागा नाही. आणि पाच-सात दिवसांत सुतार होत नाही. दगडाला टाकीचे घाव सोसावे लागतात असे आपण म्हणतो, पण टाकी धरणाऱ्या हातालाही तितकेच सोसावे लागते, आणि त्याला आठवडा पुरत नाही. सोळाव्या-सतराव्या वर्षी मिस्त्रीच्या पडवीत पहिल्यांदा बसणारा मुलगा, ज्याला अजून काहीच येत नाही, त्याच्या तीन वर्षांसाठी या दोन्ही दारांतून काही येत नाही. गावाने उभे राहण्याची जागा हीच आहे.

जपानमध्ये इसे म्हणून देवस्थान आहे. तिथले लाकडी मंदिर दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर पुन्हा नवे बांधतात. इ. स. ६९० पासूनची ही प्रथा. मध्ये यादवी युद्धांच्या काळात शंभराहून अधिक वर्षे खंड पडला होता. बासष्टावी फेरी २०१३ साली झाली. धार्मिक कारण त्यांचे त्यांना ठाऊक. पण त्यातून एक गोष्ट साधते. विशीतला पोरगा पहिल्या बांधणीत हाताखाली काम करतो, चाळिशीत दुसऱ्या बांधणीत स्वतः मिस्त्री असतो, आणि साठीत तिसऱ्या वेळी शिकवायला उभा राहतो. आपल्याकडे जीर्णोद्धार पन्नास-साठ वर्षांनी होतो. तेवढ्यात हाताच्या दोन पिढ्या निघून जातात. लोणावळ्याचा पाऊस या शिखराला आणि या खांबांना वीस-पंचवीस वर्षांतच दुरुस्ती मागायला लावील. तेव्हा कुणाला बोलवायचे, हा प्रश्न आज विचारलेला बरा.

आता पैशाचे. देवस्थानच्या जमा रकमेला हात लावावा असे इथे कुणी सुचवत नाही, आणि तसे करताही येणार नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या देवस्थानाचा पैसा त्याच्या उद्दिष्टांप्रमाणेच खर्च करावा लागतो. जीर्णोद्धारासाठी दिलेले दान जीर्णोद्धारालाच लागले पाहिजे. देणाऱ्याचा तो हक्क आहे. शिकाऊ कारागिरांसाठी निधी करायचा तर तो वेगळा, त्याची पावती वेगळी, हिशेब वेगळा आणि दरवर्षी ग्रामसभेत वाचून दाखवलेला. त्यासाठी वकिलाचा आणि धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीचा सल्ला आधी घ्यावा. हौसेने सुरू केलेल्या किती निधींचे पुढे गावात भांडण झाले, हे सांगायला नको.

रक्कम किती लागेल? समजा, शिकणाऱ्याला दरमहा ५००० आणि शिकवणाऱ्या मिस्त्रीला २०००, असे ७००० धरले. वर्षाला ८४ हजार होतात, तीन वर्षांचे २ लाख ५२ हजार. उषवदातासारखी अक्षयनीवी ठेवायची म्हटली तर शेकडा ६ व्याजाने एका मुलासाठी १४ लाख मुद्दल लागेल. हे एखाद्या मोठ्या देणगीदाराचे काम. पण दुसरा रस्ता तळेगावचा आहे. गावातली आणि मुंबई-पुण्याची मिळून ५०० घरे धरली, तर घरटी महिन्याला १४ रुपये. एका चहाच्या किमतीत एक कारागीर उभा राहतो. हे आकडे शेवटचे नव्हेत. बसून कमीजास्त करता येतील.

मिस्त्रीला पैसे का, असे विचारले जाईल. शिकवण्यात त्याचा वेळ आणि माल जातो, तो फुकट मागू नये. इंग्लंडमध्ये १९९० साली स्थापन झालेला क्वीन एलिझाबेथ स्कॉलरशिप ट्रस्ट कारागिरांना शिक्षणासाठी मदत देतो; शिकाऊ ठेवणाऱ्या उस्तादालाही त्याच्या पगारासाठी मदत मिळते. तिकडच्या लोकांना हे उमगले, ते आपल्याला उमगायला अडचण नसावी.

काही पथ्ये मात्र पाळावी लागतील. मुलगा दहावीपर्यंत शिकलेला असावा; शाळा सोडवून कुणालाही पडवीत बसवू नये. जातीची अट असू नये, आणि मुलींनाही दार उघडे असावे. नक्षी काढणे, कोरीव काम, पॉलिश, मातीकाम यात मुलींचा हात मागे पडतो असे कुणी पाहिलेले नाही. अवजारांची पेटी पहिल्या दिवशी देऊ नये, वर्ष पुरे केल्यावर द्यावी. तोवर मिस्त्रीच्या जुन्या पटाशीला धार लावण्यातच शिक्षण आहे. पैसे रोख न देता खात्यात जावेत. आणि शिकून झाल्यावर पाच वर्षे गावातच काम करीन, असा कागद कुणाकडूनही लिहून घेऊ नये. तशा कागदाने माणूस राहत नाही, मनातून मात्र निघून जातो. काम असेल तर तो राहील. शाळेची बाके, समाजमंदिराचे दरवाजे, तालमीची चौकट ही कामे बाहेरच्या ठेकेदाराला देण्यापूर्वी गावाने या मुलांना विचारावे, म्हणजे पुरे.

सभामंडपाच्या मागे सागवानाचे उरलेले तुकडे आणि पाथरवटाने टाकलेले दगड अजून पडून आहेत. जीर्णोद्धार संपला की असा माल लिलावात काढायची पद्धत आहे. लिलावात त्याचे फारसे काही येणार नाही. पंचांनी तो लिलाव या वर्षी थांबवावा. माल पत्र्याखाली कोरडा ठेवावा, आणि पावसाळ्यात बाहेरचे काम थांबले की मिस्त्रींनी दोन मुलांना त्या तुकड्यांवर बसवावे. बिघडले तरी देवळाचे काही जाणार नाही.